दिंडीची उंची

“मग खोट कुठे आहे, ते तरी सांगा आबा.”

शिदोजी तिसऱ्यांदा विचारत होता. गडाचा महादरवाजा त्याने बांधून पुरा केला होता. उद्या राजे पाहायला येणार होते. त्याआधी त्याच्या गुरूने, म्हाताऱ्या रेमाजी गवंड्याने, म्हणजे आबांनी, ‘झालं’ म्हटलं, की मुख्य कारागिराची पगडी शिदोजीची.

आबा पायरीवर बसून कांदा-भाकरी खात होते. शिदोजीने त्यांना सगळं फिरवून दाखवलं होतं. दोन बुरुजांच्या कुशीत लपवलेली वाट, हत्तीला धावायला जागा मिळू नये म्हणून घेतलेलं वळण, दारावरचे हातभर खिळे. आबा खूश दिसले, पण ‘झालं’ काही म्हणेनात.

ही गोष्ट सांगणाऱ्या मी जन्म कापडाच्या दुकानात काढला. कौतुक ऐकायला आलेला माणूस ताग्याचा डाग खालच्या घडीत ठेवतो. शिदोजीने दिंडी सगळ्यात शेवटी दाखवली.

दिंडी म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार. सूर्य मावळला की मोठं दार खुद्द राजांसाठीही उघडत नसे, ये-जा दिंडीतून. इतर गडांवर तिथे माणूस कमरेत वाकून, मान खाली घालून शिरतो. शिदोजीने मात्र ती पुरुषभर उंच ठेवली होती. शिकारीहून उशिरा आलेल्या राजांनी स्वतःच्याच वाड्याकडे जाताना का वाकावं, असं त्याचं म्हणणं.

आबांनी हात धुतले, काठी उचलली आणि दिंडीतून आत जाऊन भिंतीआड उभे राहिले.

“ये रे आत.”

शिदोजी ताठ मानेने आला. काठी सप्पकन खाली आली... त्याने ती वरच्यावर धरली.

“बघितलंत? नजर कशी आहे माझी.”

आबा काठी सोडेनात.

“आणि शत्रू काय डोळे मिटून येणार आहे?”

शिदोजीचं हसू मावळलं. तो सुताराला घेऊन आला. दिवस कलायच्या आत वरून सागाच्या जाड फळ्या ठोकून दिंडी कमरेइतकी खाली उतरवली.

“झालं,” आबा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शिदोजीचा जीव तरी भांड्यात पडेना.

“राजे रागावले तर पगडी राहिली बाजूला, गड सोडावा लागेल मला. आबा, शत्रूही वाकणार, धनीही वाकणार... मग दोघांत फरक काय राहिला?”

दिंडीतून वाकून येणाऱ्याच्या मानेवर पडावी, तशी आबांनी काठी खाली आणली.

“आत येऊन जो पुन्हा ताठ उभा राहतो, तो धनी.”