सातवा रकाना

“पण वस्ताद, तुम्ही त्यांना सांगता तरी काय?”

डॉक्टर हे तिसऱ्यांदा विचारत होता. इलाही वस्ताद आखाड्याच्या कडेला पोत्यावर बसून लिंबं कापत होते. आखाड्याच्या तांबड्या मातीत लिंबू, ताक, हळद आणि तेल पडतं. लिंबं कापताना वस्ताद फारसं बोलत नाहीत, हे गावाला ठाऊक आहे. डॉक्टरला ठाऊक नव्हतं.

मी पलीकडं माती चाळत होतो, म्हणून सगळं ऐकलं. मी आण्णाप्पा. याच तालमीचा जुना पैलवान, आता गुडघे बोलतात.

डॉक्टर म्हणजे आमच्या केरबा पैलवानाचा पोरगा, रणजित पोवार. पुण्याला एका मोठ्या संस्थेत संशोधन करतो. विषय आमचाच, कुस्ती सुटलेले पैलवान. कुस्ती सुटते, जोर-बैठका सुटतात, खुराक मात्र सुटत नाही. तूप तेवढंच, बदाम तेवढेच, मटणाचा रस्सा तेवढाच. मग पन्नाशीत साखर धरते आणि पाय जातात. आमच्या जोडीच्या किती जणांचे गेले, ते मी सांगत बसत नाही.

“ऐका,” डॉक्टर म्हणाला. “जिल्ह्यातले दोनशे चौदा जुने पैलवान. वर्षभर दर महिन्याला भेटलो. आहाराचा तक्ता दिला, ताटाची चित्रं दिली, मोबाइलवर निरोप पाठवले. खुराक सोडला का विचारलं, तर एकशे ऐंशी जण हो म्हणाले.”

“मग बरं झालं की.”

“कसलं बरं? रक्त तपासलं, तर साखर उतरलेली फक्त एकोणीस जणांची. आणि त्यांतले अकरा एकट्या तुमच्या तालमीतले.”

वस्तादांनी पुढचं लिंबू घेतलं.

डॉक्टरनं कागदांचा गठ्ठा पुढं केला. प्रत्येक फॉर्मवर सात रकाने होते. सातव्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘दिलेला सल्ला’. आमच्या अकराही फॉर्मांवर तो रकाना कोरा.

“विचारलं तर म्हणतात, वस्ताद काही सांगतच नाहीत.” तो माझ्याकडं वळला. “आण्णाप्पाकाका, तुम्ही त्या अकरांतले. खरं सांगा, तूप बंद कर म्हणाले ना?”

“न्हाई बा. माती बारीक चाळ म्हणाले.”

डॉक्टरनं वहीत ‘व्यायाम’ असं लिहिलं. मी ते वाचलं, आणि म्हटलं लिहू दे.

“दम देता का त्यांना?” त्यानं परत वस्तादांना गाठलं.

“कुणाला?”

“शपथ घालता?”

“कुणाची?”

डॉक्टर चिडला. शिकलेल्या माणसाला उत्तर न मिळणं सोसत नाही. तो उठला, चार पावलं गेला, परत आला. या खेपेला बसला तो वस्तादांच्या समोर, खाली, नुसत्या फरशीवर. आवाजही उतरला होता.

“वस्ताद, मी त्या अकरांसाठी आलो नाही. बाबा गाडीत बसलेत.”

सुरी थांबली.

केरबा दोन वर्षं तालमीत आला नव्हता. उजव्या पायाचा अंगठा काढला आणि पोरानं त्याला पुण्याला नेलं, तेव्हापासून. ज्यानं शड्डू ठोकला की मैदान गप्प व्हायचं तो केरबा. फाटकापाशी गाडी उभी होती आणि त्यात तो होता, हे मला कळलंच नव्हतं.

“बाबांच्या पायाची जखम भरत नाही. सर्जननी तीन महिन्यांची मुदत दिलीय,” डॉक्टर म्हणाला. “साखर अशीच राहिली तर पाऊल काढावं लागेल. गोळ्या चालू आहेत, इंजेक्शन चालू आहे, पण वरून खाणं थांबत नाही. तूप कपाटात घालून कुलूप लावलं. बदाम शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवले. परवा...”

त्यानं फरशीवर बोटानं रेघ ओढली.

“परवा माझ्या मुलीच्या शाळेच्या डब्यातला लाडू खाताना सापडले. मी ओरडलो त्यांच्यावर. तिच्यासमोर.”

मला वाईट वाटलं. केरबानं नातीच्या डब्यातला लाडू चोरून खावा, त्यापेक्षा पाय गेलेला परवडला, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. पाप माझं.

“तुमचा शब्द ते मोडणार नाहीत,” डॉक्टर म्हणाला. “एकदाच सांगा त्यांना. केरबा, खुराक सोड. एवढंच.”

वस्तादांनी फाटकाकडं बघितलं.

“गाडीच्या काचंवर लाल काय हाय ते?”

“ते? डॉक्टरचं चिन्ह.”

“पेशंट शेवटचा कवा तपासलास?”

“सहा वर्षं झाली असतील. मी संशोधनात असतो ना.”

“मग ते काढून टाक.”

डॉक्टर हसला. वस्ताद हसले नाहीत.

“आत्ता?”

“आत्ता. तू तेवढं कर, मग मी केरबाकडं बगतो.”

डॉक्टर गेला. मी चाळण खाली ठेवली आणि बघत राहिलो. त्यानं काचेपाशी वाकून नखानं चिन्हाचा कोपरा उचलला. थोडं सोललं. मग हात तसाच राहिला... बराच वेळ. मागची काच खाली आली.

“काय करतोस रं?” आतून केरबाचा आवाज आला.

“काही नाही, बाबा.”

आणि त्यानं अंगठ्यानं तो कोपरा परत दाबून बसवला.

तो आत आला तेव्हा वस्तादांनी मान वर केली नाही.

“निगालं?”

“नाही.”

“लई चिकटलंय?”

“चिकटलेलं नाही,” डॉक्टर म्हणाला. मान तांबडी झाली होती. “पेशंट बघत नसलो म्हणून काय झालं, वस्ताद? मी डॉक्टर आहे.”

“बरं,” वस्ताद म्हणाले. “आणि कुस्ती सुटलेला केरबा कोण?”

डॉक्टरनं हातातले कागद उगाच सारखे केले.

वस्तादांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि फाटकाकडं निघाले. ऐंशी वर्षांचा माणूस, पण चालतो अजून ताठ. मी मागं गेलो. डॉक्टर माझ्या मागं.

“केरबा.”

“पाया पडतो, वस्ताद.” केरबानं बसल्या जागेवरून हात जोडले. पोट सुटलेलं, गाल ओघळलेले, पायाला पट्टी. “उतरत न्हाई. पाय मातीला लावायचा न्हाई म्हणत्यात.”

“माती कुणी मागितलीया तुला? हितं थंडाई नासाय लागलीया. ही आताची पोरं सगळं मिक्सरात घालत्यात. बदाम जाडं ऱ्हात्यात.”

“मिक्सरात?” केरबा म्हणाला.

“व्हय.”

“आणि पित्यात ते?”

“काय करत्यात मग? घशाला लागतंय, तरी पित्यात.”

केरबानं पायाकडं बघितलं, पोराकडं बघितलं, मग तालमीच्या दाराकडं.

“कुंडी कुटं हाय?”

“हाय तितंच.”

गाडीचं दार केरबानं स्वतः उघडलं.

कट्ट्यावर त्याला बसवलं, पट्टीचा पाय स्वच्छ फडक्यावर, स्टुलावर. दगडी कुंडी आमच्या तालमीत तीन पिढ्यांची आहे, थंडाई घोटायची. केरबानं ती आधी धुऊन घेतली. नुसती विसळली होती म्हणून परत धुऊन आणायला लावली. मग भिजलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी असं एकेक घालत तासभर घोटलं. खांद्याला घाम आला. मध्येच कुणाच्या बैठका बघून ओरडला, “गुडगा फुडं जातोय बग.” दोन वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. ऐकून बरं वाटलं.

पोरांची मेहनत संपली. एकेक जण पेला घेऊन आला, प्याला, केरबाच्या पाया पडला.

“आज घशाला काय लागलंच न्हाई,” एक जण म्हणाला.

केरबानं ऐकलं नाही असं दाखवलं.

आमच्याकडं रीत आहे. घोटणाऱ्यानं सगळ्यांत शेवटी प्यायचं, पण प्यायचं. कुंडीत एक पेला उरला होता, दाट, साईसकट. केरबानं तो भरला. नाकापाशी नेला.

डॉक्टर उठायला लागला. वस्तादांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. उठू दिलं नाही.

केरबानं पेल्यात बोट बुडवलं, चाटलं. डोळे मिटले. उघडले, तेव्हा समोर सांगलीकडचा एक उंच पैलवान रिकामा पेला हातात घेऊन उभा होता.

“तुजी कुस्ती कवा हाय?”

“ऐतवारी.”

“मग रिकामा पेला घिऊन काय उबा हायस? धर.”

आणि त्यानं आपला पेला त्याच्या पेल्यात ओतला.

डॉक्टरनं श्वास सोडला.

“बोट चाटलं त्यांनी,” तो हळूच म्हणाला.

“तेबी लिव तुज्या कागदावर.”

“उद्या बदाम गार पाण्यात भिजवा,” केरबा कट्ट्यावरून कुणालातरी सांगत होता. “कोमट घातलं का कुणी? हात मोडीन.”

पुण्याला डॉक्टर एकटाच गेला. केरबा गावात भावाच्या घरी राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे पुतण्या त्याला मोटारसायकलवर बसवून आणायचा. केरबा थंडाई घोटायचा, पोरांवर ओरडायचा, लंगडत कट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा. त्याची भावजय माझ्याकडं गाऱ्हाणं घेऊन आली. म्हणाली, “भावजींच्या वाटणीचं तूप मी डब्यात काढून ठिवते, आणि ते डबाच उचलून तालमीत नेत्यात. पोरांना कमी पडतंय म्हणं. सोता भाकरी आणि भाजी खात्यात.”

रोज असं झालं, असं मी म्हणणार नाही. मध्ये दोनदा त्यानं शेवटचा पेला स्वतः पिऊन टाकला. ते आम्ही बघितलं आणि बघितलं नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टर आला. गाडी तीच, चिन्ह तसंच, एक कोपरा थोडा उचललेला. फाटकातून आत आला आणि खिशातला रिपोर्ट काढून मलाच दाखवायला लागला, जसं काही मला त्यातलं इंग्रजी वाचता येणार होतं.

“साखर उतरली, काका. जखम भरत आलीय. सर्जन म्हणाले, पाऊल काढायची गरज नाही.”

बोलता बोलता त्याला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही. मीही डोळ्यांत माती गेल्याचं सोंग केलं नाही. दोघं उभे राहून रडलो.

मग तो वस्तादांसमोर जाऊन बसला. वस्ताद लिंबं कापत होते. डॉक्टरनं पिशवीतून एक फॉर्म काढला. नंबर दोनशे पंधरा, नाव केरबा पोवार. सहा रकाने त्यानं स्वतःच्या अक्षरात भरले होते.

“वस्ताद, हा तरी कोरा ठेवू नका,” तो म्हणाला. “मला आता थोडं कळलंय, पण लिहिता येत नाही. वर बसलेली माणसं विचारणार. काय सल्ला दिला होता तुम्ही?”

वस्तादांनी लिंबू पिळलं. बी काढून टाकली.

कट्ट्यावर केरबा कुणाला तरी कुंडी परत धुवायला लावत होता.

“लिव,” वस्ताद म्हणाले. “बदाम जाडं ऱ्हात्यात.”