ऐसपैस घरटं

विहिरीवरची बाभूळ अजून तरणी होती, तेव्हाची गोष्ट. तिच्यावर धोंडू नावाचा सुगरण पक्षी राहायचा. त्यांच्यात रीतच अशी, की नराने घरटं विणायचं आणि मादीने आत शिरून ते पारखायचं. पसंत पडलं तरच लग्न. धोंडूची घरटी गळायची, त्यामुळे सगळ्यांनी संसार थाटले तरी हा आपला एकटाच.

शेवटी त्याने बगळाही पाय पसरून झोपेल एवढं घरटं विणलं. “आता मोठ्याचाच जमाना आहे!”

एक मादी आत शिरली आणि डोक्यावरच्या काड्या झटकत बाहेर आली.

“कसं वाटलं?” धोंडूने लाजत विचारलं.

“छान की! तुमची छोटी घरटी थेंबथेंब गळायची, हे ऐसपैस गळेल,” ती म्हणाली. “निघते हं, दादा.”

धोंडूला गळतीपेक्षा तो ‘दादा’च जास्त झोंबला.