परीक्षकाच्या घरचा वैद्य

फार फार पूर्वी, राजेसुद्धा वैद्याच्या हातापाया पडत त्या काळी, एका डोंगराळ राज्यात वैद्यकी शिकवणारं विद्यापीठ होतं.

तिथली एक रीत होती. शिक्षण संपलं की शिष्याने गुरूला दक्षिणा द्यायची. रीत चांगलीच होती. पण हळूहळू परीक्षेनंतर यायची ती दक्षिणा परीक्षेच्या आधीच येऊ लागली. कुणी शाल आणी, कुणी तुपाचा बुधला. तिला लाच म्हणायची कुणाची छाती होती? सगळे तिला श्रद्धा म्हणत.

विद्यापीठाच्या कुलगुरू एक वृद्ध विदुषी होत्या. त्यांनी बंदी घातली, दारावर पहारा बसवला. थोड्याच दिवसांत पहारेकरीच तुपावर पोसले गेले!

परीक्षा झाली. मुख्य आचार्यांनी एका सावकाराच्या मुलाला उत्तीर्ण केलं. त्याला धोतरा कुठला नि एरंड कुठला हे कळत नव्हतं. पण त्याची दुभती गाय आचार्यांच्या गोठ्यात कधीच रवंथ करत बसली होती.

निकाल लागताच कुलगुरू उठल्या. "ज्या परीक्षकाने ज्या शिष्याला उत्तीर्ण केलं, त्या परीक्षकाच्या घरी वर्षभर तोच शिष्य औषधपाणी करील. दुसरा वैद्य त्या घराची पायरी चढणार नाही, आणि परीक्षकानेही घरात स्वतः औषध द्यायचं नाही."

आचार्यांना घरात बसवेना, बाहेर फिरवेना. चिमुकली नात शिंकली तरी ते दचकत. अंगणातलं शेवाळ स्वतः खरवडत, कुणी घसरायला नको म्हणून.

"अहो, बसा की जरा एका जागी!" बायको म्हणाली.

"जीव थाऱ्यावर नाही गं."

आणि नेमकी नात तापाने फणफणली. नवा वैद्य ऐटीत आला. हातात हिरव्या रसाची वाटी.

"कशाचा रस आहे हा?" आचार्यांनी विचारलं.

"पाल्याचा, गुरुजी."

"कसल्या पाल्याचा?"

"आता ते मला कसं ठाऊक असणार? तुम्हीच तर मला उत्तीर्ण केलंत!"

आचार्यांनी वाटी भिरकावली. नातीला उचललं आणि अनवाणी धावत कुलगुरूंचं घर गाठलं.

"मी लाच घेतली. हवी ती शिक्षा द्या, पण हिला वाचवा!"

कुलगुरूंनी आधी पोरीला मांडीवर घेतलं. औषध उगाळता उगाळता त्या म्हणाल्या, "त्या मुलाला आपण वैद्य म्हणून ज्या गावी पाठवणार होतो, तिथेही कुणाच्या तरी नाती आहेत, आचार्य."

आचार्य रडले. ताप उतरला, नात वाचली. आचार्यांचं परीक्षकपद गेलं, गाय परत गेली आणि सावकाराचा मुलगा पुन्हा पहिल्या पाठाला बसला.

पुढच्या वर्षी परीक्षेआधी एक शिष्य तुपाचा बुधला घेऊन दारोदार फिरला. प्रत्येक परीक्षक आतूनच ओरडला, "ने तो इथून! आमच्या घरात लेकरं आहेत!"

तात्पर्य: निर्णयाची झळ स्वतःच्या घराला लागणार असेल, तर लाच घ्यायला हात पुढे होत नाही.