लेखाशेजारची समई

“पण बाबा, ‘घेऊ नका’ असं मी स्वच्छ लिहिलं होतं. मग दोष माझा कसा?”

हेरंबच्या या प्रश्नात शंका कमी आणि निकालच जास्त होता. तो सांगलीहून मिरजेला आला होता तो काही शोधायला नव्हे. ‘तुझा काही दोष नाही’ एवढंच त्याला कुणा भल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

कमालशा फकीर लहानशा दर्ग्याबाहेर, चिंचेखालच्या आपल्या कट्ट्यावर बसले होते. त्यांना अगदी लागून सोनाबाई फुलवाली पाट्या मांडून बसली होती. तिनं नुकताच बाबांपुढं चहाचा कप ठेवला होता. ती रोज ठेवायची, पैसे न घेता, आणि बाबा रोज प्यायचे.

“नीट सांग,” बाबा म्हणाले. “मला तुझ्या त्या यंत्राचं फार नवल वाटतंय.”

हेरंब सांगू लागला. जुन्या पितळी वस्तूंवर तो इंटरनेटवर लिहायचा आणि लोक ते आवडीनं वाचायचे. त्याचा लेख एक यंत्रही वाचायचं. त्यातले शब्द हेरून, ऑनलाइन लिलावाच्या बाजारातल्या तसल्याच वस्तू ते लेखाशेजारी आणून मांडायचं. वाचणाऱ्यानं तिथून जाऊन बोली लावली आणि वस्तू जिंकली, की हेरंबला त्यातला वाटा मिळायचा.

“तू लिहिलंस की लगेच वाचतं?”

“पापणी लवायच्या आत.”

“सगळं?”

“अक्षरन् अक्षर.”

“वा! एवढं मन लावून माझं कुणी ऐकत नाही.” बाबा पुढं सरकले. “आणि समजतं त्याला?”

हेरंब घुटमळला. “शब्द समजतात… म्हणणं नाही समजत.”

“म्हणजे माझ्या चेल्यांसारखंच आहे की!” बाबा खुदकन हसले.

हेरंबला मात्र हसू आलं नाही. खरं दुखणं पुढंच होतं.

त्यानं लेख लिहिला होता बनावट समयांवर. नवी कोरी समई तेजाबानं काळपटवतात, मातीत पुरून ठेवतात आणि पेशवाईतली म्हणून लिलावात काढतात. असल्या समया घेऊ नका, असं त्यानं बजावलं होतं. यंत्राला लेखात ‘समई’ सापडली, ‘पेशवाई’ सापडली. ‘घेऊ नका’ हे काही त्याच्या गावी नव्हतं. त्यानं इमानेइतबारे नेमक्या तसल्याच समया लेखाशेजारी ओळीनं उभ्या केल्या.

गारगोटीच्या वत्सलाबाईंनी त्यातली एक घेतली. हेरंबचा वाटाही त्याच्याकडे जमा झाला. बाई निवृत्त शिक्षिका. काल त्यांचा फोन आला. तक्रारीचा असता तर हेरंबनं निभावून नेलं असतं, पण बाईंनी तो आभार मानायला केला होता. आईची समई अडचणीच्या काळात घरातून गेली होती, आता हुबेहूब तशीच मिळाली, म्हणाल्या.

“बाईंनी लेख वाचला नव्हता का?” बाबांनी विचारलं.

“वरवर चाळला होता. ‘तुमच्या लेखाशेजारी होती, म्हणून डोळे झाकून बोली लावली,’ म्हणाल्या.”

“मग तू काय सांगितलंस त्यांना?”

“काही नाही…”

बाबांनी चहाचा घोट घेतला. चिंचेवर कुठंतरी साळुंक्या भांडत होत्या.

हेरंबनं पुन्हा आपली बाजू मांडली. “मी लिहिलं ते खरंच लिहिलं, बाबा. वस्तू मांडली यंत्रानं. विकली कुणी तिसऱ्यानंच. यात मी कुठं येतो?”

“आत जाऊन माथा टेकून ये,” बाबा म्हणाले. “आणि आज गुलाब घेऊ नकोस हं. कालचा आहे.”

सोनाबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हार गुंफत होती. गर्दीच्या कलकलाटात तिचा कान बाबांच्या तोंडच्या फुलाच्या नावावर तेवढा असायचा. बाबा मोगरा म्हणाले की तिचा हात मोगऱ्यात जायचा, शेवंती म्हणाले की शेवंतीत. आताही मान वर न करता तिनं गुलाबाची पुडी बांधली आणि पुढं केली.

“घ्या की दादा. बाबांच्या शेजारचं हाय.”

हेरंबच्या डोक्यात ‘मी कुठं येतो’ हेच घोळत होतं. त्यानं पैसे दिले, पुडी घेतली, चपला काढल्या आणि दर्ग्याच्या पायरीवर पाय ठेवला.

“बेटा… घेऊ नकोस म्हटलं होतं ना?”

हेरंब थबकला. त्यानं पुडी उघडली. कडा काळ्या पडलेल्या पाकळ्या त्याच्या हातावर सुट्या झाल्या.

“ऐकलं होतं, बाबा. पण ती तुमच्या शेजारी बसलीय, म्हणून मला वाटलं…”

वत्सलाबाईंचं ‘तुमच्या लेखाशेजारी होती, म्हणून’ त्याला पुन्हा ऐकू आलं, आणि त्याला मनापासून लाज वाटली.

बाबांनी झोळीत हात घातला, बराच वेळ चाचपलं आणि पुडीचे पैसे काढून हेरंबच्या तळहातावर ठेवले.

हेरंब गोंधळून पाहत राहिला. “हे काय, बाबा? फुलं तिनं विकली. तुम्ही तर घेऊ नकोस म्हणाला होतात. पैसे तुम्ही का देता?”

बाबांनी कपातला शेवटचा घोट संपवला आणि रिकामा कप सोनाबाईच्या पाटीजवळ सरकवला.

“तिचा चहा मी पितो ना…”