गयाबाईच्या गिरणीतले सात डबे

"उस्ताद, सही करताय ना?"

निळकंठनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीरचाचा गिरणीच्या उंबऱ्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. बार्शीत चाळीस वर्षं वायरिंग केलेला माणूस. चहा गरम असला की ते कुणालाच उत्तर देत नाहीत.

निळकंठ बोंदर त्यांचा शिष्य. डिप्लोमा पहिल्या वर्गात, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही. त्याला आता स्वतःचं लायसन काढायचं होतं. त्यासाठी चाचांच्या सहीचा अनुभवाचा दाखला हवा होता, आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. दाखला त्यानं घरूनच टाइप करून आणला होता. स्वतःला 'अत्यंत कुशल' असंही त्यातच लिहून घेतलं होतं.

मी ज्वारीची पिशवी घेऊन बाकावर बसलो होतो. वायरिंगपायी गिरणी तीन दिवस बंद होती आणि घरात पीठ संपलं होतं. मला सहीशी काही देणंघेणं नव्हतं.

"काम झालं?" चाचांनी बशी खाली ठेवली.

"कालच. पाइप लोखंडी, जोडांचे सातही डबे लोखंडी. आतले जोड असे केलेत की बघत राहाल."

"दाखव."

"झाकणं लावलीत ना, उस्ताद. बाहेरून बघा की. सगळे एका रेषेत आहेत."

चाचा उठून आत गेले. पिठाच्या चक्कीत दाणे ओतायला स्टुलावर चढावं लागतं. चढताना आधाराला हात नेमका भिंतीवरच्या तिसऱ्या डब्यावर जातो. चाचा त्या डब्यापाशी थांबले.

"यावर हात ठेव. मी मेन टाकतो."

निळकंठ हसला. त्यानं पंजा डब्यावर ठेवला आणि माझ्याकडं बघून मान उडवली.

"टाका."

चाचा हलले नाहीत. त्यांनी त्याच्या पायांकडं बघितलं.

"बूट काढ."

आता, गयाबाईच्या गिरणीत चप्पल घालून कुणी आत जात नाही. दाणे सांडलेले असतात, त्यावर चप्पल पडू नये अशी तिची शिस्त. चाचांच्याही चपला बाहेरच होत्या. निळकंठ मात्र तीन दिवस जाड रबरी तळाचे बूट घालून आत वावरत होता. गयाबाईनं टोकलं तर म्हणाला होता, "मावशी, याला सेफ्टी म्हणतात."

"बूट कशाला, उस्ताद?"

"गयाबाई घालते का बूट?"

"मी कुठले बूट घालतेय," गयाबाई आतून म्हणाली. "भेगांपायी मला चप्पलसुद्धा सोसत नाही."

निळकंठनं बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"मोजे पण."

मोजे निघाले. फरशी गार होती. निळकंठचा हात डब्यापासून चार बोटांवर येऊन थांबला.

"टाकू?"

"थांबा... एक मिनिट, उस्ताद. जरा स्क्रू ड्रायव्हर देता?"

झाकण उघडलं. आत वायरींना नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेली. आणि अर्थिंगची हिरवी वायर डब्याला कसलेलीच नव्हती, कोपऱ्यात वेटोळं करून ठेवली होती. म्हणजे आतला एखादा जोड सुटून डब्याला लागला, तर करंट जमिनीत जायच्या ऐवजी धरणाऱ्याच्या अंगातून जाणार.

"हे जरा घाईत राहिलं," निळकंठ म्हणाला.

खरं सांगतो, मला राग आला. माझी बायको याच डब्याला धरून चढते.

चाचांनी दुसरा चहा मागवला. निळकंठनं वायरी सोडवल्या, कनेक्टरमध्ये नीट घट्ट बसवल्या, हिरवी वायर डब्याला कसली, झाकण लावलं.

"आता चौथ्यावर ठेव," चाचा म्हणाले.

हात उचलला. हात थांबला.

"एक मिनिट, उस्ताद."

पाचव्या आणि सहाव्या डब्याच्या मध्ये तर चक्क पाइपाच्या आत जोड निघाला. वायर कमी पडली म्हणून तिथंच जोडून आत ढकलली होती. जोड डब्यातच हवा, पाइपात कधीच नको, हे या पठ्ठ्यानं मला परवाच समजावलं होतं, मी विचारलं नसताना.

सातवा डबा मिरचीच्या कांडपाशेजारी. तिथं प्रत्येक स्क्रूला एक शिंक. गयाबाई दारात उभी राहून शिंका मोजत होती.

"पहिले दोन राहिले," ती म्हणाली.

"माहीत आहे मावशी," निळकंठ नाक पुसत म्हणाला, आणि तेही उघडले.

साडेचार वाजले. चाचा उठले. त्यांनी मीटर लावून सातही डबे तपासले, प्रत्येक वायर ओढून बघितली. निळकंठ घामाघूम, अनवाणी, पायाला पीठ लागलेलं. तो आपणहून तिसऱ्या डब्यापाशी गेला आणि त्यानं तळहात टेकवला.

"टाका मेन, उस्ताद."

या वेळी हात थांबला नाही.

चाचांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मेनचा चिनी मातीचा फ्यूज बाहेर काढला.

निळकंठनं डब्यावरचा हात काढला.

"हा... सकाळपासून तुमच्या खिशात होता?"

"आल्या आल्या काढला."

"म्हणजे मेन टाकला असता तरी करंट आला नसता?"

"कुठून येणार?"

"मग मी एवढा घाबरलो कशाला, उस्ताद?"

चाचांनी उंबऱ्यावर बसून दाखला मांडीवर घेतला. आधी 'अत्यंत' हा शब्द खोडला. मग सही करता करता, मान वर न करता म्हणाले,

"मला काय माहीत? झाकणं तू लावली होतीस."