शंखात उगवलेलं रोप

एक होता राजा. त्याच्याकडे शंखांची जोडी होती. त्यातला एक फुंकला की दुसरा, कुठेही असला तरी, आपोआप वाजायचा. एकदा काय झालं, राजाला आपलं राज्य अपुरं वाटायला लागलं. मग त्याने थोडी माणसं गलबतात बसवली, जोडीतला एक शंख त्यांना दिला आणि म्हणाला, "सात समुद्रांपलीकडे एक बेट आहे. तिथली जमीन तुमची. माझा शंख वाजला की पेरा."

त्या बेटावर आधीच माणसं राहत होती, बरं का. पण राजाने ते विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. त्या माणसांना यांनी डोंगरावर हुसकावलं, नदीकाठची जमीन घेतली, बांध घातले, आणि एक छोटं देऊळ बांधून त्यात शंख ठेवला.

आता गंमत ऐका. बेटावरचे ऋतू उलटे. राजाकडे पेरणीचे दिवस आले की इकडे ऊन तापायचं आणि नदीकाठच्या गाळाला भेगा पडायच्या. पण शंख वाजला की हे पेरायचे. दाणे पाखरं खायची. मग राजा गलबत भरून धान्य पाठवायचा, आणि हे म्हणायचे, "माहेर असावं तर असं." राजाकडे थंडी पडली की इकडे घामाच्या धारा. तरी हे आपले घोंगड्या पांघरून शेकोटीभोवती बसलेले. राजा गेला, त्याचा मुलगा गादीवर बसला, तरी असंच चाललं. बेटावर जन्मलेल्यांनी ते माहेर कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण त्याला कुणी नावं ठेवली तर मारायला उठायचे.

मग गादीवर आला नातू. त्याने धान्याऐवजी रिकामं गलबत पाठवलं आणि वर निरोप, "लढाई लागली आहे. शंख तीनदा वाजेल. तिसऱ्यांदा वाजला की तरणी मुलं गलबतात चढवा."

तिथे आवडाई नावाची एक विधवा होती. देवळाची झाडलोट तिच्याकडे होती. तिला एकच मुलगा, येसू. शंख पहिल्यांदा वाजला, येसूने बोचकं बांधलं. दुसऱ्यांदा वाजला, तो आईच्या पाया पडला.

"येसू, त्या राजाचं नाव तरी ठाऊक आहे का रे तुला?"

"नाही गं आई. पण शंख वाजला की जायचं असतं."

आवडाईचं काळीज तुटलं. ती तडक नदीवर गेली. पूर नुकताच ओसरला होता. तिने ओंजळभर ओला गाळ आणला आणि शंखाच्या तोंडात बोळा घालावा तसा कोंबला. तिच्या पदराला चार दाणे चिकटले होते, तेही त्यात गेले. मग राजाने तिकडे गाल फुगवून फुगवून शंख फुंकला असेल, पण इकडे चकार शब्द नाही. गलबत हाकणाऱ्या तांडेलालाही तिसऱ्या शंखाशिवाय कुणाला चढवायची आज्ञा नव्हती. त्याने वाट पाहिली आणि रिकामंच गलबत हाकारलं.

थोड्या दिवसांनी शंख का गप्प आहे ते बघायला सगळे देवळात आले. बघतात तर शंखाच्या तोंडातून हिरवंगार रोप वर आलेलं.

"आवडाई, हे काय केलंस तू?" पाटील म्हणाले.

"मुलगा ठेवून घेतला," ती म्हणाली. "बाकीचं आपोआप झालं."

सगळ्यांनी रोपाकडे पाहिलं. मग नदीकाठच्या ओल्या गाळाकडे पाहिलं. आणि घरोघरची बियाण्याची सुपं बाहेर निघाली. त्या साली कमरेएवढं पीक आलं.

पुढे ते गलबत पुन्हा आलं. राजा लढाई हरला होता, आणि खलाश्यांची पोटं खपाटीला गेली होती. आवडाईने त्यांना पोटभर जेवू घातलं. माहेरी रिकाम्या हाताने काही पाठवू नये, म्हणून गावाने गलबत धान्याने भरलं, आणि त्या धान्यात शंख खोचून दिला. राजा रागावला म्हणतात. पण भुकेलाही होता, म्हणून आधी जेवला.

मग एका सकाळी डोंगरावरून मैनी नावाची म्हातारी खाली आली. तिच्या आजोबांची शेतं इथेच होती. ती आवडाईच्या बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "राजाचा शंख परत केलात म्हणे. मग त्याने दिलेली जमीन?"

पाटील आभाळाकडे बघायला लागले. येसू पायाने माती उकरत राहिला. आवडाईला मैनीकडे बघवेना. शंख दिला तेव्हा तिला हलकं वाटलं होतं, आता वाटेना. मग तिने येसूकडून कुदळ घेतली आणि आपला बांध फोडायला लागली. बांध पुढे सरकवणारे पुष्कळ असतात, बाळांनो. मागे सरकवणारी त्या बेटाने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. येसूने दुसरी कुदळ आणली. मग आणखी काही जण आले. काही नाही आले, त्यांचे बांध अजून तिथेच आहेत.

बाकी सगळे सुखाने राहिले, पूर ओसरला की पेरायला लागले. आता तुम्हीही डोळे मिटा. आणि ते पांघरूण जरा शेजारच्याकडे सरकवा, त्याचे पाय उघडे आहेत.