नळीची चीर

गाड्यांना पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे कार्बोरेटर असायचे, त्या काळची गोष्ट. एका जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली हवेची एक रबरी नळी होती. उतारवयात तिच्या टोकाला बारीक चीर पडली. तिथून जास्तीची हवा आत शिरू लागली आणि गाडी जागेवर उभी असली तरी इंजिन धापा टाकत पळू लागलं.

"कोण पळवतंय रे मला?" इंजिन कळवळून विचारायचं. "उभ्या जागी जीव चाललाय माझा."

चीर दिसली की आपली रवानगी भंगारात, हे नळीने मनाशी पक्कं धरलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत ॲक्सिलरेटरच्या केबलवर आळ आला. गॅरेजच्या मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलून धुतला. त्याचा स्क्रू तर इतका पिळला की बिचारा कण्हायला लागला. नळी अंग चोरून बसली, चिरेतली शिट्टी दाबत राहिली.

शेवटी मालकीणबाई कंटाळून म्हणाल्या, "मिस्त्री, अख्खी गाडीच भंगारात देऊन टाका."

आता मात्र नळीला राहवेना. तिने होता नव्हता तेवढा जोर लावून शिट्टी फुंकली. मिस्त्रींनी कान टवकारले आणि चिरेवर बोट ठेवलं. इंजिन शांत झालं.

कात्री आली तशी नळीने डोळे मिटून घेतले. मिस्त्रींनी चिरलेलं टोक तेवढं कापलं आणि उरलेली नळी पुन्हा जागेवर घट्ट बसवली.

"एवढंच?" नळी म्हणाली.

"एवढंच," इंजिन म्हणालं. "आणि एवढ्यापायी माझं निम्मं आयुष्य उभ्या जागी पळण्यात गेलं."